मुलांच्या एक्स-रेवर दिसणारी रेघ: ग्रोथ प्लेट की फ्रॅक्चर?

ग्रामीण_एमओ

नमस्कार. आमच्याकडे एक्स-रे मशीन चोवीस तास चालू असतं, रेडिओलॉजिस्ट मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी. मोठ्या माणसाच्या हाडात काळी रेघ दिसली की प्रश्न मिटतो. मुलांच्या फिल्मवर मात्र प्रत्येक सांध्याजवळ अशी रेघ असतेच, ती ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून लांबीला वाढतं ती पट्टी. मग एकतर चांगली ग्रोथ प्लेट फ्रॅक्चर समजून पुढे पाठवली जाते, नाहीतर खरं फ्रॅक्चर ‘मुका मार आहे’ म्हणून घरी जातं.

दोन फिल्म समोर आहेत. पहिली १० वर्षांच्या मुलाची. सायकलवरून हातावर पडला, मनगट मागच्या बाजूने सुजलंय, एपी (समोरून घेतलेली) फिल्म पूर्ण नॉर्मल वाटते, लॅटरल (बाजूने घेतलेली) जरा तिरकी आली आहे. दुसरी १३ वर्षांच्या मुलीची. खो-खो खेळताना पाय मुरगळला, घोटा पुढून आणि बाहेरून सुजलाय, पाय टेकवत नाही. एपी फिल्मवर टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) खालच्या टोकाला बाहेरच्या बाजूला एक पुसट उभी रेघ आहे. ती फिब्युलाची (नडगीशेजारच्या बारीक हाडाची) सावली की फ्रॅक्चर, हे ठरत नाही.

नॉर्मल प्लेट आणि फ्रॅक्चर यांतला फरक कशावर ठरवायचा? फिल्म नॉर्मल पण दुखणं जोरात, तेव्हा काय करायचं? चांगल्या बाजूची फिल्म दर वेळी काढावी का? आणि त्याच रात्री पुढे पाठवलंच पाहिजे, असे कुठले?

बाल_अस्थिशल्य

डॉक्टर, फिल्म बघण्याआधी एका बोटाने दाबून बघा. पूर्ण तळव्याने नाही, एकाच बोटाच्या टोकाने, आणि दुखऱ्या जागेपासून लांबून सुरुवात करून. मनगटाला रेडियसची (अंगठ्याकडच्या हाडाची) प्लेट सांध्याच्या रेषेच्या साधारण सेंटीमीटरभर वर असते. सर्वांत जास्त दुखणं तिथे असेल, तर फिल्म काहीही म्हणो, दुखापत प्लेटची धरून चालायचं. मुलांमध्ये सांध्याजवळचे लिगामेंट (हाडं बांधणारे पट्टे) प्लेटपेक्षा मजबूत असतात. ज्या मुरगळण्याने मोठ्या माणसाचा लिगामेंट फाटतो, त्यानेच मुलाची प्लेट सरकते. म्हणून १० वर्षांच्या मुलाला ‘मनगट लचकलं’ हे निदान सहजासहजी देऊ नये. मुलांच्या एकूण फ्रॅक्चरपैकी साधारण १५ ते ३० टक्के प्लेटमधून जातात, आणि त्यांत रेडियसचं खालचं टोक सर्वांत पुढे.

प्लेट म्हणजे कूर्चा. कूर्चा एक्स-रेवर दिसत नाही, म्हणून तिथे काळी पट्टी दिसते. नॉर्मल पट्टीची रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास सारखी असते, कडा गुळगुळीत असतात, आणि हाडाच्या दांड्याकडच्या बाजूला, म्हणजे मेटाफायसिसकडे, एक बारीक पांढरी किनार असते. तिथे कूर्चेत चुना बसत असतो. फ्रॅक्चरच्या रेघेला अशी किनार नसते. ती कोरी, धारदार असते आणि कुठेतरी मध्येच सुरू होऊन मध्येच संपते.

मी फिल्म अशा क्रमाने बघतो. हाडात आधी पट्टीची रुंदी: एका बाजूला अरुंद आणि दुसऱ्या बाजूला फाकलेली दिसते का? मग टोकाची टोपी, म्हणजे एपिफायसिस, दांड्यावर नीट मध्यभागी बसली आहे का? दांड्याच्या दोन्ही कडांवरून नजर सरळ पुढे न्यायची. टोपी एका बाजूला जास्त बाहेर आली असेल तर ती सरकली आहे. मग मेटाफायसिसचे दोन्ही कोपरे एकेक करून बघायचे. मग टोपीतून सांध्याकडे जाणारी उभी रेघ शोधायची. मऊ भागाची सूज सगळ्यांत शेवटी नाही, सगळ्यांत आधी बघा. फिल्मवर सूज जिथे जास्त, तिथेच बारकाईने शोधायचं.

सॉल्टर आणि हॅरिस या टोरंटोच्या दोन सर्जननी १९६३ साली मांडलेले पाच प्रकार आजही वापरात आहेत. वर-खाली अशा शब्दांत ते पाठ करू नका. दंडाच्या वरच्या टोकाला मेटाफायसिस प्लेटच्या खाली येतो आणि सगळं उलटं होतं. ‘सांध्यापासून दूर’ आणि ‘सांध्याकडे’ असं लक्षात ठेवा. पहिल्या प्रकारात रेघ फक्त प्लेटमधून जाते. दुसऱ्यात प्लेटमधून जाऊन सांध्यापासून दूर, मेटाफायसिसचा एक कोपरा घेऊन बाहेर पडते. तिसऱ्यात सांध्याकडे वळते, टोपी चिरते आणि सांध्यात उघडते. चौथ्यात टोपी, प्लेट, मेटाफायसिस तिन्ही चिरली जातात. पाचव्यात प्लेट दाबून चिरडली जाते. हा पाचवा पहिल्या दिवशी फिल्मवर ओळखूच येत नाही, काही महिन्यांनी वाढ थांबली की मागे वळून कळतो. दुसरा सर्वांत जास्त आढळतो, चारपैकी साधारण तीन.

पहिल्या दोन प्रकारांत रेघ सहसा प्लेटच्या फुगलेल्या पेशींच्या थरातून जाते. तिथे पेशी मोठ्या आणि त्यांना धरून ठेवणारा मसाला कमी, म्हणून तो थर कच्चा. वाढ करणाऱ्या पेशी टोपीच्या बाजूला शाबूत राहतात, त्यामुळे हे प्रकार सहसा चांगले जुळतात. तिसऱ्या-चौथ्यात रेघ वाढीच्या थरालाच आडवी कापते आणि सांध्याचा पृष्ठभागही मोडते, त्यामुळे तुकडे तंतोतंत बसवावे लागतात.

आता तुमचं मनगट. एपी नॉर्मल आहे यावर थांबू नका, या दुखापतीचं उत्तर लॅटरलमध्येच असतं. पण लॅटरल तिरकी असेल तर तिच्यावर काहीच ठरवता येत नाही, आधी ती परत काढा. खऱ्या लॅटरलमध्ये रेडियस आणि अल्ना (करंगळीकडचं हाड) एकमेकांवर येतात. मग रेडियसच्या मागच्या कडेवरून, कोपराकडून बोटांकडे, नजर हळूहळू खाली आणा. कड प्लेटजवळ येईपर्यंत सलग उतरली पाहिजे. जिथे प्लेट सुरू होते तिथे मेटाफायसिसच्या मागच्या कोपऱ्यावर कापलेल्या नखाएवढा एक त्रिकोणी तुकडा सुटलेला दिसला, तर तो थर्स्टन-हॉलंडचा तुकडा. दुसऱ्या प्रकाराची खूण तीच. कधी तो दोन मिलिमीटरचा असतो, आणि फिल्म छोटी करून बघितली तर निसटतोच. तो तुकडा मागे असतो कारण टोपी मागे सरकते. मागचं पेरिऑस्टियम (हाडावरचं आवरण) शाबूत राहून बिजागरीसारखं काम करतं, पुढचं फाटतं.

मनगटाच्या पुढच्या बाजूला स्नायूवर चरबीची एक बारीक काळी रेघ असते. ती सरळ किंवा थोडीशीच वाकलेली हवी. ती पुढे फुगली असेल किंवा पुसली गेली असेल, तर आत रक्त साठलं आहे असं समजा. मात्र ती नॉर्मल दिसली म्हणून फ्रॅक्चर नाही असं होत नाही.

दोन्ही फिल्म खरोखर नॉर्मल, पण बोट प्लेटवर ठेवलं की मूल हात ओढतं, तर कच्चं प्लास्टर घाला आणि ७ ते १० दिवसांनी परत दाबून बघा. तेव्हाही दुखत असेल तर १० ते १४ दिवसांच्या दरम्यान प्लास्टर काढून फिल्म घ्या. मेटाफायसिसच्या कडेला नव्या हाडाची पातळ पांढरी रेघ दिसली, तर निदान पक्कं. दुखणं गेलं असेल तर फिल्मचीही गरज नाही.

टोपी सरकली असेल तर भूल देऊन, आधी ताण देऊन मग हलक्या हाताने बसवायची. एकदा, फार तर दोनदा. जोर लावून घासत बसवली तर प्लेटला जखम आपणच करतो. मूल आठवडा-दहा दिवसांनी उशिरा आलं तर परत बसवायला जाऊ नका. दोन वर्षांहून जास्त वाढ शिल्लक असेल तर मनगटाचा पुढे-मागे असलेला बाक हाड स्वतःच भरून काढतं. पीळ मात्र भरून निघत नाही.

अल्नाकडेही बघा. रेडियसच्या खालच्या भागाचं फ्रॅक्चर आणि सोबत अल्नाची टोपी सरकलेली, ही जोडी निसटते. अल्नाच्या खालच्या प्लेटला मार बसला तर वाढ थांबण्याचं प्रमाण रेडियसपेक्षा खूपच जास्त आहे. रेडियसमध्ये ते शंभरात चार-पाच, अल्नामध्ये जवळपास निम्मं.

हाडांची_फिल्म (रेडिओलॉजिस्ट)

घोट्याबद्दल मी लिहिते. १३ वर्षांची मुलगी, पुढून-बाहेरून सूज आणि बाहेरच्या बाजूला उभी रेघ, एवढ्यावरून माझा पहिला संशय टिलॉ फ्रॅक्चरचा.

टिबियाची खालची प्लेट सगळीकडे एकदम बंद होत नाही. आधी मध्यभागी, मग आतल्या बाजूला, शेवटी बाहेरच्या बाजूला. या सगळ्याला साधारण दीड वर्ष लागतं. मुलींमध्ये हे १२ ते १४ च्या सुमारास घडतं, मुलांमध्ये दीड-दोन वर्षं उशिरा. त्या काळात पाऊल बाहेरच्या बाजूला पिळलं गेलं की टिबिया-फिब्युलाला पुढून बांधणारा लिगामेंट प्लेटचा अजून उघडा असलेला पुढचा-बाहेरचा कोपरा ओढून काढतो. म्हणजे तिसरा प्रकार.

फिल्मवर हे असं दिसतं. सांध्याच्या पृष्ठभागापासून एक रेघ सरळ वर जाते, प्लेटला पोचली की काटकोनात बाहेर वळते, आणि तिथून बाहेरच्या कडेपर्यंत प्लेट आतल्या भागापेक्षा रुंद दिसते. आत प्लेट जवळपास बंद झालेली असताना बाहेर फाकलेली दिसणं ही मोठी खूण आहे. पण नुसती उघडी प्लेट पुरेशी नाही, कारण बाहेरची बाजू शेवटी बंद होते म्हणून या वयात तशी ती उघडी असतेच. उभी रेघ आणि तिथलं दुखणं, दोन्ही जुळायला हवं.

फिब्युलाची सावली कशी ओळखायची? दोन हाडांच्या कडा एकमेकींवर आल्या की डोळ्याला तिथे काळी रेघ भासते. ती रेघ बोटाने पुढे न्या. सावलीची रेघ टिबियाच्या कडेबाहेर तशीच चालू राहते आणि फिब्युलाच्या कडेला जाऊन मिळते. फ्रॅक्चरची रेघ टिबियाच्या आतच संपते. याहून सोपा उपाय म्हणजे मॉर्टिस फिल्म. पाय १५ ते २० अंश आत फिरवला की फिब्युला बाजूला सरकते. खरी रेघ तिथेच राहते, सावली हलते.

मग लॅटरल बघा, आणि टिबियाच्या मागच्या बाजूला मेटाफायसिसचा त्रिकोणी तुकडा शोधा. एपीवर तिसऱ्या प्रकारासारखं आणि लॅटरलवर दुसऱ्या प्रकारासारखं दिसत असेल तर ते ट्रायप्लेन फ्रॅक्चर. ती दोन वेगळी फ्रॅक्चर नाहीत. रेघ तीन पातळ्यांत फिरते आणि प्रत्येक फिल्म तिचा एकेक भाग दाखवते. दोन्ही संशयांत सीटी करावा, कारण सांध्यातली फट साध्या फिल्मवर खऱ्यापेक्षा कमी दिसते. सांध्यात २ मिलिमीटरहून जास्त फट किंवा पायरी असेल तर ऑपरेशनचा विचार होतो. तुमच्या मुलीला गुडघ्याखालून कच्चं प्लास्टर, पाय उंचावर, वजन अजिबात टाकायचं नाही, आणि सकाळी पुढे. पायाची बोटं उबदार आहेत, हलतात, संवेदना आहे हे पाहून वेळ लिहून ठेवा.

घोट्यात फसवणाऱ्या दोन गोष्टी. टिबियाच्या खालच्या प्लेटला आतल्या-पुढच्या भागात एक नैसर्गिक उंचवटा असतो, लहान मुलांत तो प्लेट वाकल्यासारखा दिसतो. आणि आतल्या घोट्याच्या टोकाशी कधी वेगळं हाडाचं केंद्र असतं. त्याच्या कडा गोलसर असतात आणि सगळीकडून पांढरी किनार असते. तुटलेल्या तुकड्याची एक कड तरी कोरी असते.

बाहेरच्या घोट्याबद्दल माझं मत जुन्या शिकवणीपेक्षा वेगळं आहे. फिब्युलाच्या टोकाला दुखतं, प्लेट उघडी आहे, फिल्म नॉर्मल आहे, म्हणजे पहिला प्रकार आणि तीन आठवडे पक्कं प्लास्टर, असं आपण सगळे शिकलो. एमआरआय करून पाहिलेल्या अभ्यासांत अशा बहुतेक मुलांची प्लेट शाबूत निघाली, लिगामेंटला ताण किंवा हाडाला मुका मार एवढंच होतं. काढता-घालता येणारा घोट्याचा आधार आणि दुखणं सोसेल तसं चालणं पुरतं. इथे प्लास्टरचा आग्रह नको.

बाल_अस्थिशल्य

फिब्युलाबद्दल मॅडमशी सहमत. फक्त एक जोड: हे फिब्युलापुरतंच. ‘फिल्म नॉर्मल म्हणजे किरकोळ’ हा नियम गुडघ्याला, कोपराला लावू नका.

फिल्म_तंत्रज्ञ

तिरक्या लॅटरलचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण निम्मी चूक तिथेच होते. मनगट हवं असेल तर मनगटावरच केंद्र धरा. कोपरापासून हातापर्यंत सगळं एका फिल्मवर घेतलं की किरण मनगटावर तिरपे पडतात आणि प्लेट दुहेरी दिसते. लॅटरलसाठी मुलाला टेबलाशेजारी बसवा, खांदा, कोपर, मनगट एका उंचीवर, कोपर ९० अंशात, अंगठा छताकडे. नुसता हात पिळून लॅटरल येत नाही, खांद्यापासून फिरवावा लागतो. हात दुखत असेल तर हात न हलवता ट्यूब आडवी फिरवून घ्या.

लहान मुलाचं मनगट ५० केव्हीपीच्या (ट्यूबच्या व्होल्टेजच्या) आसपास निघतं. ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) लावू नका, या जाडीला तिची गरज नसते आणि डोस वाढतो. वेळ शक्य तितका कमी ठेवा. मूल जरा हललं की ती मेटाफायसिसची पांढरी किनार पुसली जाते आणि मग चांगली प्लेटही फाकलेली वाटते. आई-वडिलांपैकी एकाला लेड एप्रन घालून धरायला सांगा. आई असेल तर गरोदर नाही ना, ते आधी विचारा.

फिल्मपूर्वी पट्टी, फळी, लेप सगळं काढा. गावाकडून येणाऱ्या मुलाच्या हातावर पाल्याचा किंवा हळद-चुन्याचा जाड थर असतो, त्यात चुना असेल तर फिल्मवर ठिपके उमटतात आणि तुकडा सुटल्यासारखं वाटतं. कोमट पाण्याने हळूच पुसून घ्या.

मोबाइलवरून पाठवायची असेल तर स्क्रीनचा फोटो काढू नका, त्यावर पट्टे येतात. कॉम्प्युटरमधूनच फाइल काढा. फिल्मच हातात असेल तर खोलीतला दिवा बंद करून, व्ह्यू बॉक्सवर लावून, एक फोटो पूर्ण फिल्मचा आणि एक फक्त प्लेटचा. नाव झाका. वय, बाजू आणि कुठे दुखतं हे मात्र लिहा. वय नसेल तर मुलाच्या फिल्मवर कोणी काही सांगू शकत नाही.

ग्रामीण_एमओ

आभार. मनगटाची लॅटरल परत काढली. मागच्या कोपऱ्यावर अगदी बारीक त्रिकोण आहे, आधीच्या फिल्मवर तो अल्नाच्या सावलीत गेला होता. टोपी जागेवर वाटते. कच्चं प्लास्टर घातलं आहे. मुलीची मॉर्टिस फिल्म काढली, रेघ हलली नाही. तिला पाठवतोय.

आता कोपर आणि गुडघा. कोपरात हाड तयार होण्याची इतकी केंद्रं एकामागून एक येतात की प्रत्येक फिल्म मोडलेलीच वाटते. शिवाय मुडदूस असलेली मुलं येतात, त्यांच्या प्लेट आधीच रुंद असतात. तिथे काय करायचं?

बाल_अस्थिशल्य

कोपरासाठी ही केंद्रं दिसू लागण्याचा क्रम पाठ असलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. कॅपिटेलम (दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचा बाहेरचा गोळा) साधारण १ वर्षाला, रेडियसचं डोकं ३, आतला एपिकॉन्डाइल (कोपराच्या बाजूचा उंचवटा) ५, ट्रोक्लिया (खालच्या टोकाचा आतला सांध्याचा भाग) ७, ओलेक्रेनॉन (कोपराचं मागचं टोक) ९, बाहेरचा एपिकॉन्डाइल ११. वयं मागे-पुढे होतात, मुलींमध्ये लवकर येतात, पण क्रम सहसा मोडत नाही. त्याचा खरा उपयोग एकाच ठिकाणी जीव वाचवल्यासारखा होतो. ट्रोक्लियाच्या जागी हाडाचा ठिपका दिसतोय, पण आतला एपिकॉन्डाइल त्याच्या जागी नाही, तर तो ठिपका ट्रोक्लिया नव्हे. तो तुटून सांध्यात अडकलेला एपिकॉन्डाइल आहे. कोपर निखळून आपोआप बसलं असेल तेव्हा हे हमखास शोधा.

लॅटरलवर दोन रेषा ओढा. ह्युमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) पुढच्या कडेची रेषा कॅपिटेलमच्या मधल्या तिसऱ्या भागातून गेली पाहिजे. चार वर्षांखाली ती थोडी पुढून गेली तरी चालतं. रेडियसच्या मानेतून ओढलेली रेषा प्रत्येक फिल्ममध्ये कॅपिटेलममधून गेली पाहिजे. मागच्या बाजूला चरबीची काळी सावली दिसली तर सांध्यात रक्त आहे. मग रेघ दिसो न दिसो, फ्रॅक्चर धरूनच बांधा.

बाहेरच्या कॉन्डाइलचं (ह्युमरसच्या खालच्या टोकाच्या बाहेरच्या भागाचं) फ्रॅक्चर फार फसवतं. चार ते सहा वर्षांचं मूल, बाहेरून सूज, आणि एपीवर मेटाफायसिसच्या बाहेरच्या कडेला नुसती पापुद्र्यासारखी कपची. दिसते तेवढीच मोडली असं वाटतं. प्रत्यक्षात त्या कपचीला चिकटलेला कूर्चेचा मोठा तुकडा असतो, तो एक्स-रेवर दिसत नाही. संशय आला की हात आत फिरवून तिरकी फिल्म काढा, फट तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. २ मिलिमीटरहून जास्त फट म्हणजे ऑपरेशन. त्याहून कमी असेल तरी प्लास्टरमध्ये ते सरकतं, म्हणून पहिले दोन आठवडे दर आठवड्याला फिल्म. तीन आठवड्यांनी ‘आता काढू’ म्हणून प्लास्टर उघडलं आणि तुकडा फिरलेला सापडला, तर पुढची वाट फार कठीण होते.

दोन-तीन वर्षांखालच्या मुलाचं कोपर निखळलेलं वाटलं तर थांबा. या वयात कोपर निखळणं दुर्मिळ, ह्युमरसची पूर्ण टोपी सरकणं जास्त शक्य. कॅपिटेलम आणि रेडियस एकमेकांशी जुळलेले आणि दोघं मिळून आत-मागे गेलेले दिसतात. कॅपिटेलमही आलेलं नसेल तर सोनोग्राफी करा. बाळ चालत नाही आणि सांगितलेली हकीकत दुखापतीला पटत नाही, तर मुलाला मारहाण झाली आहे का, हा विचार मनात आलाच पाहिजे. तसंच मेटाफायसिसच्या कोपऱ्यावर बारीक चकतीसारखे तुकडे, गुडघ्यापाशी किंवा घोट्यापाशी, दोन वर्षांखालच्या बाळात दिसले तर भरती करून घ्या आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवा.

गुडघा आणि नितंबाबद्दल थोडक्यात, पण हे विसरू नका. फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) खालच्या प्लेटमधून फीमरची साधारण ७० टक्के वाढ होते, वर्षाला ९ ते १० मिलिमीटर. ती प्लेट नागमोडी असल्याने सरकताना घासते आणि वाढ थांबण्याचं प्रमाण मोठं असतं. टिबियाची वरची प्लेट सरकली तर मागची रक्तवाहिनी दाबली जाते. नाडी लागते का, बोटं मागे ओढली की किंचाळतो का, हे तासातासाला बघा. वेदनाशामक देऊनही दुखणं वाढत असेल तर वाट बघू नका. आणि १० ते १६ वर्षांचं, विशेषतः जाड मूल, मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणून लंगडत आलं आणि गुडघ्याची फिल्म नॉर्मल असली, तर नितंबाची एपी आणि बेडकासारखे पाय फाकवून फिल्म काढा. फीमरच्या मानेच्या वरच्या कडेने ओढलेली रेषा डोक्याचा थोडा भाग कापून गेली पाहिजे. कापत नसेल तर टोपी घसरली आहे. त्या क्षणापासून मुलाने चालायचं नाही. पाय जमिनीवर टेकवताच येत नसेल तर बेडकासारखं फाकवूही नका, जोराने हलवलं तर आणखी घसरते.

त्याच रात्री पाठवायचे: सरकलेला गुडघा, घसरलेलं नितंब, उघडी जखम, नाडी किंवा संवेदना गेलेली, सांध्यात अडकलेला एपिकॉन्डाइल. आणि एक छोटं दिसणारं: दारात बोट चेंगरून नख मुळापासून वर आलेलं. त्या एकाच बोटाची लॅटरल फिल्म काढा. शेवटच्या पेराची प्लेट मागच्या, म्हणजे नखाकडच्या, कडेला फाकलेली असेल तर ते उघडं फ्रॅक्चर आहे. नख नुसतं दाबून पट्टी केली तर आत पू होतो. धुऊन, अडकलेली त्वचा काढून, अँटिबायोटिक देऊनच बसवायचं.

हाडांची_फिल्म (रेडिओलॉजिस्ट)

मुडदुसाचं सोपं आहे. फ्रॅक्चर एका प्लेटचं असतं, मुडदूस सगळ्या प्लेटचा. मुडदुसात पट्टी रुंद असतेच, शिवाय मेटाफायसिसची कड पेल्यासारखी खोलगट होते आणि झालर उसवल्यासारखी दिसते, पांढरी किनार जागेवर नसते. पहिल्या प्रकारच्या फ्रॅक्चरमध्ये कडा कोऱ्या राहतात. शंका असेल तर इथे दुसऱ्या मनगटाची एपी फिल्म काढाच, दोन्हीकडे सारखं दिसेल. मग अल्कलाइन फॉस्फेटेज, कॅल्शियम, फॉस्फरस, व्हिटॅमिन डी. ताप असेल आणि पडल्याची हकीकत ठाम नसेल तर मेटाफायसिसमधला जंतुसंसर्ग आधी डोक्यात ठेवा. पहिले काही दिवस त्याचीही फिल्म नॉर्मल असते.

चांगल्या बाजूची फिल्म दर वेळी नको. किरणोत्सर्ग थोडाच असतो, पण दोन्ही बाजू हुबेहूब नसतात, आणि तुलनेच्या नादात मूळ फिल्मकडे दुर्लक्ष होतं. कोपरात शंका उरली, किंवा विचारायला कोणीच नाही, तर एकच एपी काढा, बाकीच्या फिल्म नको.

नेहमी फसवणाऱ्या आणखी तीन जागा. पायाच्या पाचव्या मेटाटार्सलच्या (तळपायातल्या करंगळीकडच्या लांब हाडाच्या) बुडाशी शाळकरी वयात हाडाच्या कडेला समांतर अशी रेघ असते, ती नॉर्मल. फ्रॅक्चरची रेघ हाडाला आडवी असते. दंडाच्या वरच्या टोकाची प्लेट तंबूसारखी उंचवट्याची आहे, एपीवर तिच्या दोन रेघा दिसतात. त्यातली एक फ्रॅक्चर समजून गळ्यात हात अडकवलेली मुलं कमी नाहीत. हातात अंगठ्याच्या मेटाकार्पलची (तळहातातल्या हाडाची) प्लेट बुडाशी आणि बाकी चारांची टोकाशी असते. दुसऱ्या मेटाकार्पलच्या बुडाशी कधी अर्धवट खाच दिसते, ती जन्मजात असते.

ग्रामीण_एमओ

शेवटचं. मनगटाचं प्लास्टर काढल्यावर पुढे किती दिवस बघायचं? केस पेपरवर काय लिहावं?

बाल_अस्थिशल्य

सरकलेलं नाही, म्हणून तीन ते चार आठवडे प्लास्टर. ‘मुका मार’ किंवा ‘फ्रॅक्चर नाही’ असं लिहू नका. ‘डाव्या रेडियसच्या खालच्या ग्रोथ प्लेटची दुखापत, सॉल्टर-हॅरिस दुसरा प्रकार, सरकलेली नाही, वाढीवर परिणाम होऊ शकतो हे पालकांना समजावून सांगितलं’ असं लिहा. पालकांना पहिल्याच दिवशी सांगा की मालिश करायची नाही आणि प्लास्टर निघाल्यावरही दाखवायला यायचं आहे. सहा महिन्यांनी हात वाकडा झाल्यावर सांगितलं तर त्यांना वाटतं डॉक्टरांनी लपवलं.

प्लास्टर काढल्यावर ३ ते ६ महिन्यांच्या दरम्यान एपी आणि लॅटरल, मग वर्षाने एकदा. गुडघा, अल्ना किंवा टिबियाचं खालचं टोक असेल तर वाढ संपेपर्यंत.

हाडांची_फिल्म (रेडिओलॉजिस्ट)

त्या फिल्मवर काय बघायचं ते सांगते. दुखापतीच्या वेळी वाढ काही दिवस मंदावते आणि मेटाफायसिसमध्ये एक बारीक पांढरी आडवी रेघ उमटते. पुढे वाढ सुरू झाली की ती रेघ प्लेटपासून दूर जाते. ती प्लेटला समांतर राहून सगळीकडून सारखी दूर गेली असेल तर प्लेट नीट वाढते आहे. एका टोकाला ती प्लेटला जाऊन चिकटली आणि दुसऱ्या टोकाला लांब गेली, तर चिकटल्या जागी प्लेटमध्ये हाडाचा पूल तयार झाला आहे. ही तिरकी रेघ हात वाकडा दिसायच्या कितीतरी आधी दिसते. तेव्हा लगेच एमआरआयसाठी पाठवा. पूल प्लेटच्या निम्म्याहून कमी भागात असेल आणि दोन वर्षांची तरी वाढ शिल्लक असेल, तर तो काढून तिथे चरबी भरता येते. मूल मोठं होईपर्यंत थांबलं तर ती संधी उरत नाही.